पत्ता बरोबर आहे

प्रिय संयू,

आण्णांचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस, बापाचा विषयच नको म्हणतेस. म्हणून कागदावर लिहितेय. आता बस वाचत!

आधी गंमत ऐक. पेठ वडगावात मी ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान काढलंय ना, तिथं दिवाळीपासून आण्णा रोज येऊन बसतात. पोस्टमन रिटायर झाला तरी त्याची नजर काय रिटायर होत नाही. गिऱ्हाइकांचे ईमेल आयडी तपासायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलंय. मधे जागा सुटलीय का, तो शेपटीवाला 'ॲट' एकदाच आलाय का, पुढं टिंब आहे का, सगळं बोट ठेवून बघतात. एकानं आयडीच्या आधी 'श्री.' लावायला सांगितलं, तर म्हणाले, "पावणं, हितं मानपान न्हाय चालत." मी हसून हसून बेजार.

पण त्यांचे प्रश्न ऐकून मलाच कोडं पडलं. आयडीपुढं हिरवी खूण करून मशीन बरोबर म्हणतंय, म्हणजे त्या पत्त्यावर माणूस हाय का? मी म्हटलं, न्हाय आण्णा, ते नुसता साचा बघतं. मग विचारलं, आणि दुसऱ्याच कुणाचा पत्ता असला तर? म्हटलं, तरी बरोबरच म्हणणार. दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. हे काय नवीन खूळ, मला कळेना.

चार वर्षं झाली की गं. तू तापानं फणफणली होतीस, पुण्याच्या नोकरीचा तुझा फॉर्म आण्णांनी भरला आणि मुलाखतीचं बोलावणं आलंच नाही. ऑफिसवाले म्हणाले, फॉर्मवरच्या पत्त्यावर मेल पाठवला होता. तू म्हणालीस, मला लांब जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून यांनी मुद्दाम चुकीचा पत्ता घातला. आण्णा एक शब्द बोलले नाहीत. तू बॅग उचलून गेलीस ती गेलीसच. खरं सांगते, मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

परवा आपली दूधवाली विठाबाई नातीचा फॉर्म घेऊन आली. आयडीत गावाचं नाव न्हाय, मग पोचणार कसं, म्हणून हटूनच बसली. तसे आण्णा एकदम म्हणाले, "न्हाय घालायचं विठाबाई. मी माझ्या लेकीच्या आयडीत पिनकोड घातलता, नीट पोचावं म्हणून. मशीन बरोबर म्हणालं. पत्र गेलं भलतीकडंच." आणि उठून बाहेर गेले.

छत्तीस वर्षं गावभर पत्रं वाटलेला माणूस गं! पिनकोडवाचून पत्र रखडतं एवढंच त्याला ठाऊक. घरचाच पत्ता चुकला हे कुठल्या तोंडानं सांगणार? नंतर मी खोदून विचारलं तर म्हणाले, चूक माझीच हाय की, सांगून काय तिची नोकरी परत येणार हाय? अगं, मुद्दाम नव्हतं ते! हे तुला कळावं म्हणून हा सगळा खटाटोप. भांड त्यांच्याशी, वाट्टेल तेवढं भांड, पण झालेल्या चुकीसाठी भांड.

पाकीट मी त्यांच्यासमोरच ठेवलं. आत काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही. तुझा पत्ता दोनदा वाचला, चष्मा पुसला. मी पिनकोड घालायचा ठेवला होता, तो त्यांनी घातला. पाकीट फेकलं नसशील तर ते अक्षर बघ.

तुझीच, वाट बघणारी
आक्का