कोल्ड स्टोरेजमधली चिचुंद्री

आई, तू सगळ्यांना सांगितलंस आणि मला नाही. दुपारपासून एवढं एकच वाक्य डोक्यात घुमतंय. घरी आले, चप्पलसुद्धा काढायचं सुचलं नाही.

तुझ्या त्या दोघी गुप्तहेर आठवतात ना? वासावरून चोर पकडणारी चिचुंद्री, आणि कुठल्याही मुलखाची भाषा ऐकून उचलणारी साळुंकी. तू दिवसभर तासगावच्या पॅकहाऊसात परदेशी जाणारे द्राक्षांचे घड कात्रीने साफ करायचीस आणि संध्याकाळी चुलीपुढे त्या दोघींना त्याच पेट्यांत घालून बोटीने धाडायचीस. तू स्वतः मिरजेच्या पलीकडे गेली नव्हतीस, म्हणून तुझ्या हॉलंडातही बुधवारी बाजार भरायचा आणि तिथला राजा चिचुंद्रीला म्हणायचा, "आवं बसा की, च्या घ्या." शेवटच्या गोष्टीत त्या राजाची मिशीच चोरीला गेली होती. वास काढत चिचुंद्री थेट कोल्ड स्टोरेजमध्ये शिरते, मागे धाडकन दार लागतं, साळुंकी बाहेर पंख आपटतेय. मी विचारते, "फुडं?" तू भाकरी उलटतेस आणि म्हणतेस, "उद्या." असे कितीतरी उद्या गेले. त्याच दिवसांत तू मला परातीपुढे बसवून भाकरी थापायला शिकवलंस. पीठ सांडलं तर कधी नव्हे ती खेकसलीस, "माजं हात कवापत्तूर पुरनार हायेत तुला?" मला वाटलं, आई दुष्ट झाली. मग तू मिरजेच्या दवाखान्यात गेलीस ती परत आलीच नाहीस. अचानक गेली, असंच मी आजवर सगळ्यांना सांगत आले.

आज रहिमतपूरच्या वाचनालयात मुलांच्या शिबिरात ती गोष्ट पहिल्यांदाच सांगायला घेतली. शेवट मी माझा जुळवून ठेवला होता. साळुंकी तिकडच्या भाषेत साहेबाचा आवाज काढते, पहारेकरी घाबरून दार उघडतो, चिचुंद्री मिशीसकट बाहेर. पण दार लागलं एवढं सांगून होतंय तोच नातवाला न्यायला आलेली एक म्हातारी मागून उठली. "ही तर आमच्या टेबलावरची गोष्ट हाय. तू तिची लेक व्हय गं?" तिने मला व्हरांड्यात नेलं. ती पॅकहाऊसात त्याच टेबलाला तुझ्या शेजारी उभी राहून घड साफ करायची. म्हणाली, "चिचुंद्री काय सुटत न्हाई, बाळा. दाराच्या फटीतनं साळुंकीला म्हनती, तुला पंख हायेत, तू घरला जा. आमी समद्या हासलो, म्हनलं ह्यो कसला शेवट! तवा तिनं डॉक्टरचं सांगितलं. म्हनली, घरी रोज ह्योच शेवट सांगाय बसते, अन् पोरीचं त्वांड बघून उद्या म्हनते."

अख्ख्या टेबलाला माहीत होतं, आई. कात्री चालवता चालवता तू त्यांच्यापुढे मरणाची तालीम केलीस, आणि मी मात्र राजाच्या मिशीची काळजी करत झोपायचे. परातीतलं पीठ, ते खेकसणं, सगळे माग माझ्यासमोर पडले होते आणि मला एकाचाही वास आला नाही. तुझा भयंकर राग आलाय. आत्ता दारात उभी राहिलीस तर आधी भांडेन आणि मग सोडणारच नाही.

हा कागद धाडायचा तरी कुठे? द्राक्षांच्या पेट्या तिकडे जात नाहीत. मी परत आत गेले तर मुलं हलली नव्हती. पुढे बसलेल्या एका मुलीने विचारलं, "बाई, सुटली का वो ती?" माझा शेवट तयार होता, तुझाही आता कळला होता. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "उद्या सांगते."

शिबिराचा आज शेवटचा दिवस होता, आई.