सोबत तुझी गाडी परत

अंबाजोगाई,
बुधवार, सकाळची शाळा आटोपून

चि. संजय यास,

आक्काचा सप्रेम जयभीम आणि शिल्लक असतील तेवढे आशीर्वाद. (बरेचसे तू ती गाडी पाठवलीस त्याच दिवशी संपले.) तुझी तब्येत बरी असेलच. दुसऱ्याच्या घरात काडी टाकून पुण्यात जाऊन बसणाऱ्यांची तब्येत सहसा ठणठणीत असते. दीपमालाचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिने चढउतर करू नको आणि नवऱ्याला दाजींच्या वाढदिवसाच्या भेटी निवडू देऊ नको. इकडं आम्ही तिघंही मजेत आहोत. मी, तुझे दाजी आणि तुझी ती सव्वा फुटाची रिमोटवरची चारचाकी, जिला या घरात माझ्यापेक्षा जास्त मान आहे. सोबतच्या खोक्यात ती परत पाठवत आहे. फोनवरच सांगणार होते, पण फोनवर तू मध्येमध्ये हसतोस.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते, कारण भेट पाठवताना तू ते विसरला होतास. तुझ्या दाजींनी बावीस वर्षं एसटी चालवली, अंबाजोगाई ते पुणे, आणि एकदाही कुठं घासली नाही. विना अपघात सेवेचा बिल्ला मिळाला, तो त्यांनी खिळ्याला टांगला आणि मी तो दर दिवाळीला पुसते. गेल्या वर्षी त्यांच्या छातीत ती स्प्रिंग (स्टेंट म्हणतात ती) टाकली, आणि डेपोच्या साहेबांनी स्टेअरिंग काढून घेऊन चौकशीच्या खिडकीत बसवलं. दिवसभर ते लोकांना लातूरची गाडी कधी आहे ते सांगतात आणि घरी आल्यावर मी काहीही विचारलं की म्हणतात, "हं." जेवायला वाढू? हं. भाजीत मीठ आहे का? हं. डॉक्टर म्हणाले, स्कूटी खुशाल चालवा, पण मला रोज शाळेत सोडायचे त्या स्कूटीला यांनी कव्हर घातलं ते घातलं. हाताचा भरवसा न्हाई म्हणे. तेव्हापासून मी रोज रिक्षात तिघी बायांच्या मध्ये चेंगरून शाळेला जाते आणि माझी कडक इस्त्रीची साडी शाळेत पोचते तेव्हा पोतेऱ्यासारखी झालेली असते. अशा घरात तू खेळणं पाठवलंस. धन्य तुझी.

मला भाबडीला वाटलं, बॅटरी घालायची आणि पळवायची. तसं नसतं म्हणे! पळवणं आठ मिनिटांचं आणि त्याआधी सेटिंग आठवडाभर. सेटिंगला एकदम सपाट जागा लागते. आमच्या घरात सपाट अशी एकच वस्तू, जेवणाच्या टेबलाची काच. ती गाडीखाली गेली आणि आम्ही खाली मांडी घालून जेवू लागलो. (ते पचनाला चांगलं असतं, असं मला ऐकवण्यात आलं.) मग माझा स्वयंपाकघरातला वजनकाटा एकेका चाकाखाली गेला, आणि निष्पन्न काय झालं, तर गाडीची डावी बाजू अकरा ग्रॅमनं जड आहे. अकरा ग्रॅम! ज्या माणसानं दाराला वीस-वीस माणसं लोंबकळत असताना बस आणली, त्याला अकरा ग्रॅमनं चैन पडेना. टायरच्या दुकानातून शिशाचे तुकडे आणून ते उजवीकडे चिकटवले, तेव्हा कुठं घास उतरला. चाकं आतल्या बाजूला किती अंश झुकवायची ते माझ्या शाळेच्या कोनमापकानं मोजलं. त्या आठवड्यात सातवीच्या पोरांना मी कोन अंदाजानंच शिकवले. शिवाय टायर जमिनीला धरावेत म्हणून त्यांना एक औषध चोळतात, त्याच्या वासानं शेजारच्या सिंधुबाई दोनदा येऊन गॅस बंद आहे का बघून गेल्या. आणि पुढच्या स्प्रिंगा मऊ हव्यात की कडक, यावर दाजी माझ्याशी तासभर बोलले. एक तास, संजय! छातीतल्या स्प्रिंगेबद्दल त्यांनी डॉक्टरला एक प्रश्न विचारला नव्हता.

एवढं सगळं करून गाडी चालवायची कशी, तर बस चालवतात तशी. गच्चीवर सराव करताना वळण आलं की तोंडानं हॉर्न. मांजर आडवं आलं की गाडी थांबवून त्याला जाऊ देणं. मागच्या महिन्यात ईश्वरप्पांनी पहिली शर्यत ठेवली (मोंढ्यातले हार्डवेअरवाले ईश्वरप्पा, त्यांचा वीरेश पुण्याहून हे वेड घेऊन आला, पुण्याहून दुसरं येणार तरी काय), त्यात आठ गाड्या होत्या आणि दाजी आठवे आले. मागून कुणी आलं की हे उभ्या जागेवरून हात बाहेर काढून त्याला साईड द्यायचे. घरी येताना मात्र मान ताठ. का, तर एकदाही धडक न्हाई!

मग माझा धीर सुटला. मी म्हटलं, येत्या रविवारी पुन्हा शर्यत आहे ना, पहिला नंबर आला तर गाडी राहील, नाही आला तर ती संजयकडे परत आणि माझी काच टेबलावर. ते म्हणाले, ड्रायव्हरचा शब्द हाय. मी मनात म्हटलं, सुटले. गणित शिकवते मी. आठव्याचा पहिला होत नसतो.

शर्यत ईश्वरप्पांच्या मंगल कार्यालयाच्या अंगणात. लग्नतिथ नव्हती म्हणून अंगण रिकामं, फरशी गुळगुळीत, आणि रस्ता आखलेला ठिबकच्या जुन्या नळ्यांनी. गाड्या चालवणारे आठही जण नवरानवरीच्या स्टेजवर ओळीनं उभे, हातात रिमोट. सरासरी वय अठ्ठेचाळीस. आठ नवरदेव आणि नवरी एकही नाही, असा तो देखावा होता. उद्घाटनाला आपले पुढारी भगवानराव आले होते. खऱ्या गाड्या कुठं लावल्यात, असं त्यांनी दोनदा विचारलं. फेटे झाले, शाली झाल्या, तरुणांनी शेतीकडं कसं वळावं यावर चाळीस मिनिटं भाषण झालं आणि मग नारळ. एका नारळानं भगवानरावांचं भागत नाही, पाच फोडले, आणि तेही चौथ्या वळणावर, कारण तिथूनच फोटोत त्यांचा बॅनर येत होता. पाणी सगळं फरशीवर. नारळाच्या पाण्यात साखर असते हे तिथं जमलेल्या दीडशे माणसांत फक्त मला आठवलं असावं. आपल्याकडचं ऊन तुला माहीतच आहे. उरलेली भाषणं आणि आभार प्रदर्शन होईपर्यंत ते वाळून चौथं वळण काकवी सांडल्यासारखं झालं, माझी चप्पलसुद्धा चर्रकन उचलायची.

माझी चप्पल तिथं कशाला गेली, असं तू विचारशील. तर या खेळाचा एक दंडक आहे. गाडी उलटली की चालवणारा स्टेज सोडून येत नाही, वळणावळणावर माणसं उभी असतात, त्यांनी पळत जाऊन ती सरळ करायची. आठच्या आठ जण एकदम शर्यतीत, म्हणून प्रत्येकानं घरचं एक माणूस द्यायचं ठरलं. बाकीच्यांनी भाऊ आणले, मेव्हणे आणले. यांचा मेव्हणा पुण्यात हसत बसलेला, म्हणून मी! चोवीस वर्षं नोकरी झालेली मुख्याध्यापिका, साडीवर रस्त्याच्या कामावरचं नारिंगी जाकीट घालून, चौथ्या वळणावर उभी. शाळेतल्या दोन पालकांनी मला नमस्कार केला, तो मी घेतला नाही.

शर्यत सुटली आणि पहिल्याच फेरीत माझ्यापुढं ढीग लागला. गाडी भरधाव यायची, टायर त्या चिकट फरशीला धरायचे आणि गाडी थेट पाठीवर. एक सरळ करतेय तर दुसरी पालथी. मी नुसती वाकतेय आणि उठतेय. फक्त एक गाडी उलटेना. ती वळणाच्या आधी हळू व्हायची, घाटातून आणल्यासारखी संथ वळायची आणि मग पुढं निघायची. वर स्टेजवर तुझ्या दाजींचे ओठ हलत होते, हॉर्न चालू होता! पाचव्या मिनिटाला ते चौथे होते, सातव्याला दुसरे. पुढं फक्त वीरेश. लोक उभे राहिले, सिंधुबाई खुर्चीवर उभ्या राहिल्या. शेवटच्या फेरीत वीरेशची गाडी माझ्या वळणावर आली, उलटली, मी धावत जाऊन सरळ केली, पण गडबडीत काय झालं कुणास ठाऊक, ती भलतीकडंच सुटली आणि ठिबकच्या नळीत घुसली. दाजी शांतपणे तिच्या बाजूनं पुढं गेले.

आणि मग, संजय, रेघ पाच हात राहिली असताना त्यांची गाडी उभी! जागच्या जागी. दीडशे माणसं बोंबलतायत, चालवा, चालवा, आणि ती ठोकळ्यासारखी उभी. तेवढ्यात वीरेशनं गाडी वळवली, शेजारून काढली आणि तो पहिला आला. मग यांची निघाली आणि दुसरी आली. मी विचारलं, झालं काय? म्हणाले, बॅटरी गेली. वा रे तुझी बॅटरी! डब्यावर मोठ्या अक्षरात ताकद लिहिलेली आणि पाच हात आधी जीव सोडते. तुझी वस्तू तुझ्यासारखीच निघाली, ऐन वेळी पाठ दाखवणारी.

तर शब्द तो शब्द. त्यांनी काल स्वतः गाडी खोक्यात भरली. आज पुण्याच्या बसमध्ये ड्रायव्हरजवळ देतील, तू स्वारगेटला उतरवून घे. माझी काच टेबलावर आली आहे. मी जिंकले आहे. सगळं माझ्या मनासारखं झालं.

तुझी,
वनिताक्का

ता. क. खोकं उघडल्यावर बोंब मारू नको. आत गाडी नाही, शेंगदाण्याची चटणी आहे, दीपमालाला आवडते ती. काल गाडी भरताना त्यांनी एकेक चाक पुसलं, जुन्या बनियनमध्ये गुंडाळली, दोरी बांधली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "हं." रविवारपासून पुन्हा तेवढंच चालू आहे. मला ते हं आता ऐकवत नाही. मी विचारते, स्प्रिंग मऊ की कडक? हं. म्हणून ते कामावर गेल्यावर मी गाडी काढून घेतली. सध्या ती ज्वारीच्या कोठीत आहे. दोनेक आठवड्यांनी तूच परत पाठवलीस असं मी सांगणार आहे, तूही तेच सांग.

ता. क. २. हे लिहू की नको करत होते. वीरेशची गाडी मी मुद्दाम उलट्या तोंडानं ठेवली. मला ती काच नको होती रे, गाडी राहायला हवी होती. चोवीस वर्षांत एका पोराला शेजारच्याच्या वहीत डोकावू दिलं नाही आणि त्या वळणावर माझा हात आपोआप फिरला. एवढं करून तुझ्या बॅटरीनं माती खाल्ली! तेव्हा नवी, चांगली बॅटरी पाठव. आणि त्यांना यातलं अक्षर कळता कामा नये.

संजयराव, मी दाजी. अक्षर बदललं म्हणून घाबरू नका, आक्का ठीक हाय. खोकं बसमध्ये ठेवायला तिनं स्टँडवर माझ्याकडं आणून दिलतं. गाडी मी सोता भरलती, तिचं वजन मला पाठ हाय. हे हलकं लागलं म्हणून उघडलं तर चटणी आन हे पत्र. वाचायला नको होतं, पर वाचलं.

बॅटरी पाठवू नका. तिला काय बी झालं न्हाई, गाडी मीच उभी केली. स्टेजवरून चौथं वळण साफ दिसतं. तिनं ती गाडी कशी ठेवली ते मी बघितलं, आन ठेवल्यावर तिचं तोंड कसं झालं ते बी बघितलं. तसला नंबर घेऊन मला तिच्यासंगं घरी येता आलं नसतं. म्हणून वीरेशला साईड दिली. हे तिला सांगू नका, बॅटरीचंच राहू द्या. ज्वारीच्या कोठीत मी हात घालणार न्हाई, ती काढून देईल तवा घेईन. टायर तेवढे धाडा, मऊ बघून.

आन एक. संध्याकाळी घरी जाऊन स्कूटीचं कव्हर काढतो. उद्या तिला शाळंत सोडायला जाणार हाय. रिक्षावाल्याला येऊ नको म्हणून सांगितलंय. तिला अजून सांगितलं न्हाई.

आपला,
समाधान