नव्या इंजिनाला पातळ ऑइल

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून नात उमेराचं दुपारचं खाणं माझ्याकडे. सून नाहिद शिलाईच्या दुकानात कामाला जायला लागली. पोरगी नऊ महिन्यांची, आणि नाहिद तिला घट्ट डाळ-भात कुस्करून भरवते. वरून तेल! बारावी पास आहे, मोबाइलवर बघते. घशात अडकलं तर? विचारानेच माझं बीपी वाढतं. मी सातवीपर्यंतच शिकलो, पण जिंदगीभर वणीत कोळशाचे ट्रक दुरुस्त केले. नव्या इंजिनात जाड ऑइल कोण घालतं? जाम होतं. ठरलं. फक्त डाळीचं वरचं पाणी. उकळलं की सगळं सत्त्व वर येतं.

४ नोव्हेंबर
पोरगी वाटीभर पाणी गटागट प्यायली. घसा साफ. तेलाचा तवंग होता, तो आधी चमच्याने काढून माझ्या पोळीवर घेतला. खाली गाळ उरला, घट्ट. अन्न टाकणं गुनाह. तोही मीच संपवला. घरासाठी माणसाला काय काय करावं लागतं!

१२ नोव्हेंबर
उमेरा दुपारभर रडली. दात येत असतील. बायको जैबुनबी पलंगावरूनच ओरडली, भूक लागली असंल तिले. मी म्हटलं, आत्ताच वाटीभर दिलं. तर म्हणे, वाटीभर पाणी पिऊन तुम्ही कधी गॅरेजात गेलते का? गुडघे धरून झोपून राहते, पण जीभ चालू. बायकांना मशिनरी कळत नाही.
नाहिद उकडलेलं अंडं ठेवून गेली होती. लहान पोरांना अंडं गरम पडतं. तो धोका मी पत्करला.

२० नोव्हेंबर, गुरुवार
अंगणवाडीत वजन. नाहिद, उमेरा, मी. मागच्या महिन्यापेक्षा कमी भरलं. मी लगेच ओळखलं, काट्याची स्प्रिंग ढिली. सेविका साधनाताई म्हणाल्या, चाचा, काटा नवा हाये. मग नाहिदकडे वळल्या : पोरीले पातळ देऊन राह्यली का तू? नाहिद म्हणाली, नाही ताई, घट्टच देते. सगळ्या बाया तिच्याकडे बघत होत्या. एक म्हणाली, कमाईच्या मागे लागली की असंच होते. नाहिदचे डोळे भरले. मी बोलणार होतो. पण बायांच्या बैठकीत पुरुषाने मधे बोलू नये.
खात्री करायला आयांना तोलायच्या काट्यावर स्वतः उभा राहिलो. माझं वजन वाढलेलं. म्हणजे दोन्ही काटे खराब.
घरी आल्यावर नाहिदने सांगितलं, हातात घेतलेली शिलाई उरकली की कामावर जाणार नाही. पोरगी वाळून राह्यली अन् मी लोकांचे ब्लाऊज शिवू का? अल्लाह पोरीला सद्बुद्धी देतो, उशिरा का होईना.

५ डिसेंबर, शुक्रवार
जुम्म्याची नमाज पढून आलो. आज सगळे घरी. जेवायला बसलो. हात सवयीने चालला. तवंग माझ्या पोळीवर, पाणी उमेराच्या वाटीत, गाळ माझ्या ताटात. वर बघतो तर नाहिद पोळी हातात घेऊन तशीच उभी. तेवढ्यात उमेराने वाटी पालथी केली, रांगत माझ्या ताटात शिरली आणि कोपरापर्यंत हात घालून घट्ट डाळ खायला लागली. थांबेचना.
नाहिद एवढंच म्हणाली, अब्बा, रोज?
मी शांतपणे नव्या इंजिनाचं समजावलं. त्यावर माझा मुलगा तारिक, ज्याला पाना धरायला मी शिकवलं, तो म्हणतो, ऑइल कुठं दिलं तुम्ही अब्बा? रेडिएटरचं पाणी पाजलं.
नव्या पिढीशी टेक्निकल बोलण्यात अर्थ नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार
उमेराचं वजन वाढलं. स्प्रिंग बदलली असणार. मी सांगितलं होतंच.
नाहिद कामावर जाते. पोरीला जैबुनबी भरवते, गुडघ्यांसकट. मला कुणी बोलावत नाही.
आणि माझ्या ताटात आता डाळीचं वरचं पाणी. तेल नाही. नाहिद म्हणते, तुमचं वजन वाढलं अब्बा, अन् सगळं सत्त्व तर याच्यातच आहे. मानाने प्यायलो. चूळ भरल्यासारखं लागतं. ताटावरून उठायच्या आधीच भूक लागली.
समोर उमेरा घट्ट डाळ-भात खात होती. तिने मुठीतला घास माझ्यापुढे धरला. मी तोंड उघडलं. नाहिदने हळूच तिचा हात वळवला. नको बेटा, म्हणाली, दादाअब्बांचं इंजिन जाम होईल.
डोळ्यांत पाणी आलं. दात येत असतील.