मबरूका कशी गेली

बीर सलामा,
५ फेब्रुवारी २००३

करमल्ला, माझ्या आईच्या लेकरा,

सलाम. आम्ही सगळे अल्लाच्या कृपेने बरे आहोत, तूही हुरघदात बरा असशील. आबांचा खोकला कमी आहे. करड्या शेळीला दोन पिल्लं झाली, त्यातलं एक लंगडं आहे पण दूध नीट ओढतं. पाऊस यंदाही डोंगरापलीकडेच पडून गेला. पाण्याच्या लॉरीचा ड्रायव्हर आज संध्याकाळी तिकडे येतो आहे, त्याच्या हाती हे पत्र देते. निरोपांना तू उत्तर देत नाहीस म्हणून पत्र. कागद तरी तुला ऐकून न ऐकल्यासारखं करू देणार नाही.

एवढं लिहिलं की रीत संपली. आता ऐक.

मागच्या शुक्रवारी तुमच्या कंपनीच्या जीपगाड्या आल्या. या वेळी पाहुणे गोरे नव्हते. शाळांना सुट्ट्या म्हणून कैरोची कुटुंबं हॉटेलात उतरली होती, त्यांना एक दिवसाची वाळवंटाची सफर हवी होती. तू आला नाहीस. तुझ्या जागी शुक्री नावाचा कैरोचा नवा गाईड होता. आबा बाभळीखाली त्यांच्या जागेवर कॉफी भाजत बसले होते. मी राखेतून भाकरी काढत होते. आपली रबाब पाहुण्यांच्या मुलींना मण्यांच्या माळा दाखवत होती. शुक्रीने सगळ्यांना टेकडीच्या पायथ्याशी उभं केलं आणि तुझी गोष्ट सांगायला लागला.

इतकी वर्षं ती गोष्ट तू जर्मनमध्ये सांगायचास. आम्ही मान डोलवायचो. मी पहिल्यांदा ती मला कळणाऱ्या भाषेत ऐकली.

"वर ती पांढऱ्या दगडांची कबर दिसते ना?" शुक्री म्हणाला. "याच वस्तीतली मुलगी. जहाजावरून आलेल्या एका परदेशी खलाशावर तिचा जीव जडला. बापाला कळलं. बापाने स्वतःच्या हाताने तिला तिथे जिवंत पुरलं. आणि तो बाप अजून आहे. ते बघा म्हातारबाबा, आता तुम्हाला कॉफी देतील तेच."

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. बायका आबांकडे बघायला लागल्या. एकाने त्यांचा फोटो काढला. आबांनी त्याला हसून सलाम केला.

मग एक बाई माझ्याजवळ आली. चांगली शिकलेली, डोळ्यांत पाणी. माझा हात धरून म्हणाली, "बहिणी, तू कशी राहतेस गं त्या माणसाबरोबर?" आबांनी तिच्यासमोर कप धरला तर तिने तो घेतला आणि त्यांच्या देखत वाळूत उपडा केला. आपल्या दारात, करमल्ला. ज्या विहिरीवर हजच्या यात्रेकरूंना पाणी विचारून नाही, आधी पाजून मग नाव विचारायचं अशी रीत होती, तिथे आबांची कॉफी वाळूत गेली.

आता मला कळतं की त्या गोऱ्या बायका टेकडीवर फुलं का ठेवायच्या. आम्हाला वाटायचं, किती भल्या आहेत, परक्याच्या मयतालाही मान देतात. मी त्यांना खजूर द्यायचे. आबांकडे बघून एक जण थुंकली होती, तेव्हा तू म्हणालास की बाईंना उन्हाने मळमळतंय. मी धावत जाऊन तिला लिंबूपाणी दिलं. हे आठवलं की माझ्या अंगाची लाही होते.

तुझ्याकडे गोष्टी नव्हत्या असं तर नाही ना? लहानपणी आबांच्या मांडीवर तूच माझ्या आधी बसायचास. वादीच्या कोरड्या पात्रातल्या खडकावर कोरलेल्या होड्या कोणी कोरल्या, समुद्र एवढा लांब असताना वाळवंटातल्या माणसाला होड्या का आठवल्या, हे आबा किती रंगवून सांगायचे. यात्रेकरूंचे तांडे इथे विसावायचे, बंदरावर जहाजाची वाट बघून बघून काही जण इथेच मरायचे, त्यांच्या मुलांना आपल्याच लोकांनी वाढवलं. फॉस्फेटच्या खाणीवर आपल्या आजीने पखालीतून पाणी वाहिलं आणि मुकादमाने हात लावला तर तीच पखाल त्याच्या डोक्यात घातली. ही गोष्ट पाहुण्यांना नसती आवडली? पण नाही. तुला पुरलेली मुलगी हवी होती. अरबाच्या घरात दुसरं काय असायचं, असं त्यांना वाटतं, आणि त्यांना वाटतं तेच तू ताटात वाढलंस. वाढलंस काय? आपलीच बहीण.

त्या दिवशी मी काय केलं ते तुझ्या कानावर गेलंच असेल, पण माझ्याकडून ऐक. मी परात खाली ठेवली आणि त्या सगळ्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. म्हटलं, "ती कबर माझ्या बहिणीची आहे. तिचं नाव मबरूका. तिचं लग्न झालं होतं, नवरा जहाजावर होता. तिच्या पोटात मूल आडवं आलं. आम्ही तिला गाडीत घालून दवाखान्यात नेत होतो. दवाखान्याचा रस्ता तुमच्या हॉटेलच्या आवारातून जातो. तो रस्ता आमच्या पणज्यांच्या उंटांनी पाडला आहे, पण आता त्याला फाटक आहे. त्या दिवशी हॉटेलचं उद्घाटन होतं. फाटक उघडलं नाही. आम्ही वादीतून वळसा घालून गेलो, आणि ती वाटेतच गेली. मूल वाचलं. ती बघा, तिथे उभी आहे."

सगळ्यांनी वळून रबाबकडे पाहिलं. हे मी करायला नको होतं. तिच्या हातात माळा तशाच होत्या आणि तिचा चेहरा, करमल्ला, तो चेहरा तुला बघायला मिळायला हवा होता.

मी पुढे बोलणार होते. कोणी उघडलं नाही, तेही सांगणार होते. तेवढ्यात आबांनी मागून माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाले, "पुरे, नजीहा." एवढंच. कप उपडा करणारी बाई आबांच्या पायाशी बसून रडायला लागली. आबा तिला म्हणाले, "ऊठ बाई, कॉफी पुन्हा भाजता येते."

जीप गेल्यावर मी आबांना धारेवर धरलं. म्हटलं, "तुम्ही मला का थांबवलंत? तुम्हाला माहीत आहे का तो तुमच्याबद्दल काय सांगत फिरतो?"

म्हणाले, "माहीत आहे."

दोन हिवाळ्यांपूर्वी ती इटलीची बाई यायची बघ, डुबक्या मारायला शिकवणारी, मोडकं अरबी बोलायची. तिने एकदा आबांना विचारलं होतं, तुम्हाला आता पस्तावा होतो का. कसला, म्हणून आबांनी तिच्याकडून सगळी गोष्ट काढून घेतली. शांतपणे ऐकली. तिला दुसरा कप दिला. आणि तेव्हापासून दर शुक्रवारी, तू त्यांच्याकडे बोट दाखवत असताना, ते तिथे बसून तुझ्या पाहुण्यांच्या कॉफीसाठी आलं कुटत राहिले.

मी विचारलं, "आणि तुम्ही गप्प बसलात?"

तर काय म्हणाले, ऐक. "पोराला त्याच फाटकातून रोज जा-ये करावी लागते. ते ओझं त्याला कुठेतरी उतरवायचं होतं. त्याने माझ्या डोक्यावर उतरवलं. बापाचं डोकं दुसऱ्या कशाला असतं?"

मला वाटलं, समोरची चूल उचलून फेकून द्यावी. त्यांच्यावरही राग आला, तुझ्यावरही. आबांचं मन मोठं आहे. माझं नाही, आणि मला ते मोठं करायचंही नाही.

पत्र काल इथवर लिहून ठेवलं होतं. लॉरी बिघडली, ड्रायव्हर आज जाणार म्हणतो. बरं झालं. सांगायचं अजून उरलं आहे.

इथलं पुढचं सांगते. तुमच्या कंपनीने जीप सध्या बंद केल्या. उंटवाले बसून आहेत, बायकांचे मणी टोपल्यांत पडून आहेत. काकाकडच्या बायका माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्यातली जमीला विहिरीवर माझ्या तोंडावर म्हणाली, "मेलेली मेली. तिच्या नावावर चार घरं जेवत होती, ते तुला बघवलं नाही." मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याच्या नावावर जेव ना. सांग त्याने कोणाला पुरलं ते." त्यावर मोठं भांडण झालं, दोघींच्या घागरी फुटल्या. त्याचं मला काही वाटत नाही.

शेवटी सगळे आबांसमोर बसले. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, पाहुणा कधीही येऊ दे, विहीर आहे, खडकावरच्या होड्या आहेत, भाकरी आहे. टेकडी नाही. दुसऱ्या दिवशी पायवाटेवर त्यांनी स्वतः दगड रचले. मला हात लावू दिला नाही.

तुझा तो शुक्री परवा एकटाच आला होता, सुट्टी काढून. आबांच्या हाताचं चुंबन घेतलं. म्हणाला, "बाबा, मला खरंच माहीत नव्हतं. करमल्लाभाईंनी शिकवलं तसं म्हटलं. आता मी काय सांगू पाहुण्यांना?" आबांनी त्याला तांड्यांची आणि जहाजांची गोष्ट सांगितली. तो विचारात पडला. म्हणाला, "हे त्यांना फारसं रुचणार नाही." आबा म्हणाले, "मग त्यांनी कॉफी प्यावी आणि जावं." शुक्री हसला. मला वाटतं, तो सांगेल. परक्याचा मुलगा सांगेल.

आता रबाबचं.

शुक्रवारी संध्याकाळी ती आबांजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही आईला पुरलं नाही ना?" आबा म्हणाले, "पुरलं बाळा, पण ती गेल्यावर. आपण सगळ्यांनाच पुरतो." मग ती माझ्याकडे आली. या मुलीचा आवाज अगदी मबरूकाचा आहे. म्हणाली, "खाला, फाटकावर कोण होतं?"

मी म्हटलं, झोप आता.

तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. रोज विचारते आहे. तुझ्यावर तिचा किती जीव आहे ते तुला ठाऊक आहे. तू आणलेली ती लाल चप्पल लहान झाली तरी टाच बाहेर काढून घालते. आबा म्हणतात, सांगू नकोस. मी सांगणार नाही. पण खोटंही सांगणार नाही, आणि तिला कायम झोपवूनही ठेवणार नाही.

तो दिवस आपण दोघांनी कधी बोलून दाखवला नाही. मी सांगते. भर दुपार होती. तू निळ्या गणवेशात होतास, छातीवर नाव लावलेलं, सकाळीच आरशात दहादा बघितलेलं. मबरूकाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तू खिडकीशी आलास आणि म्हणालास, "मोठे साहेब येताहेत, आत्ता नाही उघडता येत, वादीतून जा, थोडाच फरक पडेल." मी ओरडले, "अरे, मबरूका आहे." तू म्हणालास, "दिसतंय मला." आणि तू गाडीला हात लावून मागे ढकलल्यासारखं केलंस. हे तुझे हात, करमल्ला. आबांचे नाही.

एक गोष्ट मात्र तुला माहीत नाही, आणि ती मी इतकी वर्षं दाबून ठेवली. आधी वाटायचं, ऐकून तू सुटशील. आता वाटतं, नाही सुटणार. मी तुला शिव्या देत होते तेव्हा मबरूकाने माझा हात दाबला आणि म्हणाली, "राहू दे गं, त्याची नोकरी जाईल. जाऊ आपण वादीतून." तुला ते काचेतून ऐकू गेलं नाही. ड्रायव्हरनेच गाडी वळवली असं तुला वाटतं. नाही. तिने वळवायला लावली. तुझ्यासाठी.

आणि तू तिला खलाशाबरोबर पळणारी केलंस.

बकरी ईद पुढच्या आठवड्यात आहे. आबा बोकड कापतील आणि तुझा वाटा काढून ठेवतील, ते कधी चुकायचे नाहीत. तू ये. गणवेश घालून येऊ नकोस, भेटी आणू नकोस. रबाबला टेकडीच्या पायथ्याशी घेऊन बस आणि फाटकावर कोण होतं ते तुझ्या तोंडाने सांग. ती रडेल, कदाचित तुला मारेल, कदाचित तुझ्याशी पुष्कळ वर्षं बोलणार नाही. ते तुला सोसावं लागेल. आबांनी तुझं तेवढं सोसलं.

नाही आलास तर ईदच्या नमाजानंतर मी सांगेन, आणि मी सांगितलं तर जशी मी आहे तशीच सांगेन.

आबांना हे पत्र वाचून दाखवलेलं नाही. ते मला फाडायला लावतील.

तुला दुवा द्यायला आज जीभ वळत नाही.

मबरूकाची बहीण,
नजीहा