भरती लागली तेव्हा

पिंपरी, जानेवारी १९५७

प्रिय विमल,

तुझा बाप तुझ्या गावापर्यंत सायकल मारत आला आणि तुला न भेटताच परत गेला, हे त्या म्हातारीने तुला सांगितलंच असेल. रागाव, पण आधी हे वाच.

मला तुझ्या आईने धाडलं होतं. चाकणचं स्थळ मनासारखं आहे, मुलगा मिळवता आहे, तेव्हा ती खाडीतली नोकरी सोडवून पोरीला घेऊनच या, असा हुकूम होता. मीही मान डोलावली. तू नर्स झालीस, खारेपाटातल्या दवाखान्यात लागलीस, यापलीकडे मला तरी काय ठाऊक होतं? एसटीने आलो असतो, पण कारखान्यात माझ्याच खात्यात असलेल्या निघोज्याच्या भिमाजीने सायकलींची टूम काढली. त्याने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. मी बार्शीकडचा, मी तरी कुठे पाहिला होता!

घाट उतरताना ब्रेक तापून वास सुटला. पेण मागे पडलं आणि जमीन पोळपाटासारखी सपाट झाली. बांधावरून सायकल चालवायची; एका अंगाला कापणी झालेली भातशेतं, दुसऱ्या अंगाला चिखल, तिवरांची दाटी आणि बगळेच बगळे. लांबवर मिठाचे पांढरे ढीग. वाटलं, आता पायडल न मारताही पोचू. तर खाडीवरून असा वारा सुटला की घाट बरा वाटावा. तरी इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

मग आमची फजिती झाली. बांधाखाली चिखलातून तुझ्या गावाकडे जवळची वाट दिसत होती. बांधावर लाकडं वेचणारी एक म्हातारी हात हलवून ओरडली, "भरती लागली! भरती लागली!" आता पिंपरीच्या माणसाने भरती म्हटलं की काय समजायचं? कारखान्यातली नाहीतर दिघीची लष्करातली. भिमाजीचा धाकटा भाऊ बिनकामाचा घरी बसलेला. "चला उद्धवराव, हितंबी भरती हाय, आमच्या धाकल्याचं बघू," म्हणत त्याने सायकल खाली घातली आणि त्याच्यामागे मी. बघता बघता खाडीचं पाणी चढलं, चाकं बुडाली, मग गुडघे. मी तर देवाचा धावा सुरू केला. सायकली खांद्यावर घेऊन कसाबसा बांध गाठला, तेव्हा म्हातारी पोट धरून हसत होती.

तिनेच घरी नेलं, चुलीपाशी बसवून तांदळाची भाकरी वाढली. आत सून बाळंतीण होती. आम्ही कोण हे न विचारताच म्हातारी सांगू लागली. अवसेच्या उधाणात बांध फुटला, घराला पाण्याचा वेढा पडला आणि सून अडली. मूल पायाळू. तेव्हा दवाखान्यातली बाई डोक्यावर पिशवी धरून छातीएवढ्या पाण्यातून आली आणि दोन्ही जीव वाचवले. भिमाजीला राहवलं नाही. "ती बाई ह्यांची ल्येक हाय!" असं तो ओरडलाच. म्हातारीने नातू उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मी रडलो, हे आईला सांगू नकोस. एवढा अभिमान मला कधी कशाचा वाटला नव्हता.

तू पलीकडच्या गावी बाळंतपणाला गेली होतीस, सांजेपर्यंत येशील असं म्हातारी म्हणाली. थांबलो असतो तर आईचा निरोप सांगावा लागला असता, आणि आता तो सांगायला जीभ उचलत नव्हती. म्हणून निघालो. परतल्यावर चाकणला स्वतः जाऊन नकार कळवला. कारखान्यात सध्या मी दिसेल त्याला धरून तुझी गोष्ट ऐकवतो. माणसं मला बघून वाट बदलायला लागली आहेत.

पण हे पत्र घाईने लिहायचं कारण वेगळं आहे. तुझ्या आईने हार मानलेली नाही. अण्णा अत्यवस्थ, ताबडतोब निघ, अशी तार पुढच्या आठवड्यात शेजारच्या सोपानरावांकडून करवायचा तिचा बेत माझ्या कानावर आला आहे. तार आली तर घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे, आत्ताच पोटभर जेवून लिहायला बसलो. तू येऊ नकोस. आणि पोरी, उद्या खरोखरच माझं काही बरंवाईट झाल्याची तार आली, तरी हातातली बाई सुखरूप सुटल्याशिवाय निघू नकोस.

तुझाच,
अण्णा