फोलाकेच्या लग्नापर्यंत दवाखाना नाही

सोमवार, ८ जानेवारी. सकाळी ७
संकल्प: शनिवारपर्यंत दवाखान्याची पायरी चढायची नाही. धाकट्या बहिणीचं लग्न, सूत्रसंचालन मी करणार. अख्ख्या इबादान शहरात माझ्याइतका हुकमी माणूस नाही. सिकल सेल आहे, रक्ताचा जन्मजात आजार, मधूनमधून हाडं ठणकतात, मान्य. पण चौतीस वर्षं त्याला मीच कह्यात ठेवलंय.
गुडघा ठणकतोय. नवे बूट.

मंगळवार, ९
बूट बदलले. आता दोन्ही गुडघे. हार्मॅटनचा गार, धुळकट वारा सुटलाय, सगळ्या गावाचेच गुडघे दुखत असणार. फोलाके म्हणाली, दादा, आजच जा, सलाईन लावून दोन दिवसांत सोडतात. म्हटलं, दोनाचे पाच करतात. मग तुझ्या लग्नात बोलणार कोण, पंखा?

बुधवार, १०
कंबरही. शेजाऱ्यांना मलेरिया सांगितला. आमच्याकडे मलेरिया म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. डॉक्टर म्हणतात भरपूर पाणी पीत जा. पण दर दहा मिनिटांनी लघवीला पळणारा सूत्रसंचालक शोभतो का? रविवारपासून पिंपानं पिईन.

गुरुवार, ११. दुपारी
दवाखान्यात जाऊन आलो. दुखतंय म्हणून नव्हे. अदुन्नी नर्सबाईंना लग्नाचं आमंत्रण द्यायला. त्या म्हणाल्या, डोळे पिवळे झालेत, बस इथे. म्हटलं, बाहेर गाडी थांबलीय. गाडी नव्हतीच. फाटकापर्यंत यायला अर्धा तास लागला. वाटेत ओळखीचे बरेच भेटले.

शुक्रवार, १२
दिवसभर आराम. म्हणजे उठता आलं नाही. आवाज मात्र खणखणीत.

शनिवार, १३. सकाळी ६
तीन गोळ्या घेतल्या. एकदम फिट. बटणं फोलाकेनं लावून दिली.

रविवार, १४. वॉर्डात
काल नवरदेव आणि त्याचे मित्र रीतीप्रमाणे आमच्या वडीलधाऱ्यांपुढे लोटांगण घालायला आले. एकाचे गुडघेच टेकलेले, एकाचं पोट अधांतरी. मुलीच्या भावानं हे कसं खपवून घ्यायचं? माइक ठेवला आणि करून दाखवलं. पोट, छाती, हनुवटी, सगळं जमिनीला.
उठता येईना.
लोकांना वाटलं, काय ही नम्रता. टाळ्या पडल्या. मागे नवरदेवासकट बाराजण सपाट, आणि मी उठल्याशिवाय त्यांनाही उठायची चोरी. ढोलवाले दमले. एकजण घोरायला लागला. फोलाके वाकून म्हणाली, दादा, पुरे झालं, ऊठ. म्हटलं, नाही गं येत उठता. असं मी आजवर कुणाला बोललो नव्हतो. बोललो आणि रडूच फुटलं.
त्या बाराजणांनीच उचलून आणलं. नर्सबाईंनी विचारलं, येण्याचं कारण? म्हटलं, मलेरिया. त्या लिहीनात. मग म्हटलं, दुखतंय, खूप दुखतंय, आता भीती वाटतेय. कधीपासून? आज सकाळपासून. नवरीच्या कपड्यांत शेजारी उभी फोलाके म्हणाली, सोमवारपासून. नर्सबाई म्हणाल्या, मंगळवारी आला असतास तर शुक्रवारी घरी गेला असतास.
इंजेक्शननं झोप लागली. तिकडे लग्न तीन तास उशिरा लागलं, मुलाच्या काकांनी माइक सांभाळला. मी नव्हतो. लग्न चुकू नये म्हणूनच तर आठवडाभर इथे दाखल झालो नव्हतो.