चाळीस मिनिटं

७ जून
मुलींचं वसतिगृह, दुसरा मजला

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुम्ही सगळे बरे असाल. दादाची कंबर कशी आहे? छोटीचा पुढचा दात आला का, की अजून खिडकी उघडीच? आईला माझा नमस्कार सांग. फोन तिच्या शेजारी स्पीकरवर असतो, म्हणून तुला लिहायचं ते असं कागदावरच लिहिते. वहिनी पोस्टात कामाला असण्याचा एवढा तरी फायदा, पत्र आधी तुझ्याच हातात पडतं.

तर ऐक. मी नर्सिंग पास झाले! तू म्हणायचीस ना, ही भिंगरी एका जागी बसून शिकणार कशी? बसले नाहीच. चार वर्षं उभ्यानेच शिकले. आमच्या चादरबाई आठवतात ना, पहिल्या वर्षी आमच्याकडून दोन महिने नुसत्या गाद्या घालून घेणाऱ्या? निकालाच्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं, आता शाबासकी मिळणार म्हणून मी पुढे झाले, तर म्हणाल्या, “तुझा डावा कोपरा अजून सैल असतो.” आणि डोळे पुसले.

तिसऱ्या वर्षी एका विषयात मी नापास झाले होते ते तुला माहीतच आहे. अभ्यास झाला नव्हता असं मी घरी सांगितलं. अभ्यास झाला होता. एका प्रश्नापाशी पेन थांबलं ते थांबलंच. असो.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. पहिल्यांदा कानाला नळी लावून दुसऱ्याचं काळीज ऐकलं तो दिवस. एक म्हातारे शिंपी होते. मी इतका वेळ नळी धरून उभी राहिले की ते घाबरले. “काय गं, बंद पडलंय का?” मी म्हटलं, “नाही आजोबा, चालू आहे.” तर म्हणाले, “साठ वर्षं मी मशीन चालवलं, दर आठवड्याला तेल घातलं. याला एकदाही घातलं नाही बघ.” त्या दिवशी मी रस्त्याने जाताना येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे बघत होते. सगळ्यांच्या आत ते चालू होतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

नोकरीसाठी चार ठिकाणी गेले. चारही ठिकाणी एकच प्रश्न, “अनुभव किती?” चौथ्या ठिकाणी मी वैतागून म्हटलं, “तुम्ही घेतलंत की सुरू होईल.” त्यांनी घेतलं नाही. पाचव्या ठिकाणी मेट्रन बाईंनी वेगळंच विचारलं. “कुठला विभाग नको?” मी गप्प. त्या म्हणाल्या, “सगळ्या मुली हे चटकन सांगतात. तू का गप्प?” मग त्यांनी एका कागदावर विभागाचं नाव लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. मी वाचलं. हो म्हटलं. बाहेर येऊन जिन्यात बसले.

विभाग लहान आहे. स्वच्छ आहे. काम बारीक आहे.

तब्येतीला जप.

तुझी,
भिंगरी

३० जुलै

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं. “काम बारीक आहे म्हणजे काय, तिथे टाके घालतेस की रांगोळी?” वाचून हसले आणि मग हसू गेलं. तू सरळ विचारलंस, तर सरळ सांगते. नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. वेळेआधी आलेली बाळं.

एवढं लिहायला मला दोन महिने लागले.

वहिनी, मी काय बघतेय ते तुला कसं सांगू. आत जाण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचे, नखं, बोटांच्या बेचक्या, सगळं. मग दार. आत उबदार आहे आणि आवाज नाही, म्हणजे यंत्रांचा आहे, माणसांचा नाही. सगळे कुजबुजतात. काचेच्या बारा पेट्या. पहिल्या दिवशी इन्चार्ज सिस्टरने मला एका पेटीपाशी उभं केलं आणि म्हणाली, “ही राणीसरकार. आठशे सत्तर ग्रॅम. हिच्यासमोर आवाज चढवायचा नाही.” मी आत वाकले. तिचा अख्खा पंजा माझ्या अंगठ्याच्या नखावर मावला. कातडीतून निळ्या शिरा दिसत होत्या. पण प्रत्येक बोटाला नख होतं, गं. कुणीतरी एवढ्या घाईतही नखं विसरलं नव्हतं.

ही बाळं श्वास घ्यायचं विसरतात. खरंच विसरतात. अजून सवय नसते ना. माझ्या तिसऱ्या दिवशी राणीसरकार विसरली. यंत्र वाजायला लागलं, तिचा रंग उतरला, आणि चार वर्षं शिकलेली मी खांबासारखी उभी. इन्चार्ज मागून म्हणाली, “बघत काय बसलीस? तळपायाला बोट लाव.” मी बोट लावलं. हळूच चोळलं. तिने कपाळावर आठी घातली, पाय ओढून घेतला आणि श्वास घेतला. आठशे सत्तर ग्रॅमचा राग, वहिनी! मी उभ्या उभ्या हसत होते आणि माझ्या मास्कच्या आत सगळं ओलं झालं होतं.

तिला दर दोन तासांनी एक मिली दूध नळीतून जातं. एक मिली म्हणजे औषधाच्या चमच्याच्या तळाशी राहतं तेवढं. दुपारी तिची आई येते. ती शाळेत गणित शिकवते, मोजून-मापून बोलणारी बाई. आम्ही बाळाला नळ्यांसकट उचलून तिच्या उघड्या छातीवर ठेवतो, वरून शाल. आणि मी पडद्यावरचे आकडे बघत बसते. दिवसभर कितीही खटपट केली तरी न हलणारे आकडे तिथे आपोआप वर चढतात. इन्चार्जला मी विचारलं, असं कसं? ती वीस वर्षं हेच काम करतेय. म्हणाली, “मला काय माहीत. मी अजून बघतेच आहे.”

तुला हे वाचून त्रास झाला असेल तर मला माफ कर. आठ वर्षांपूर्वीचं आपल्या घरात कुणी बोलत नाही, मला कळतं. मीही बोलत नाहीये. मला फक्त तुझ्याशी खोटं बोलायचं नव्हतं.

छोटीला खूप पापे.

तुझी,
भिंगरी

१९ सप्टेंबर

वहिनी,

हे पत्र घरी नेण्याआधी वाच. पोस्टाची खिडकी बंद करून, मागच्या खोलीत बसून वाच. मग घरी न्यायचं की नाही ते तू ठरव.

मागच्या सोमवारी आमच्याकडचं एक बाळ गेलं. पाच दिवसांचा मुलगा. सकाळीच डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं की आता फार वेळ नाही. इन्चार्जने खिडकीपाशी खुर्ची ओढली, पडदा लावला, बाळाच्या नळ्या काढल्या आणि त्याला आईच्या कुशीत दिलं. ती बाई त्याची बोटं बघत राहिली, कान बघितले, पालथं करून पाठ बघितली. शेवटी म्हणाली, “हा माझ्या वडिलांसारखा आहे. आता कळलं मला हा कोण आहे ते.” तासाभराने तो गेला. तिने आम्हाला नमस्कार केला, वहिनी. आम्हाला.

मी कपड्यांच्या खोलीत जाऊन चादरींच्या ढिगावर तोंड दाबून रडले. इन्चार्ज मागोमाग आली. मी तिला सगळं सांगितलं, आठ वर्षांत कुणालाही न सांगितलेलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग हे मला काय सांगतेस? जिचं आहे तिला सांग.”

म्हणून सांगते. तुझा मुलगा जन्मला तेव्हा जिवंत होता.

तुला ऑपरेशनच्या टेबलावर भूल दिलेली होती आणि रक्त थांबत नव्हतं. दादा रक्ताच्या बाटल्या आणायला गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला होता. आई तुझ्या दारापाशी, हात जोडून, कुणाकडेही न बघता. मी सोळा वर्षांची, बाकावर. तेवढ्यात एक नर्स बाहेर आली, जाडसर, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. तिच्या हातात टॉवेलची गुंडाळी होती. ती म्हणाली, “सातव्या महिन्यातला आहे. आमच्याकडे याच्यासाठी पेटी नाही, यंत्र नाही. मोठ्या दवाखान्यापर्यंत टिकायचा नाही. मला आत जायचंय. तू कोण त्याची?” मी म्हटलं, “आत्या.” ती म्हणाली, “मग घे. याला एकटं ठेवू नकोस.”

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. चार वाजेपर्यंत तो माझ्याजवळ होता.

आता नीट ऐक, मला सगळं आठवतंय. डोकं भरून काळे केस होते, ओले, कपाळावर चिकटलेले. डावा कान वरून दुमडलेला. खांद्यांवर मऊ लव. हनुवटी तुझी, मधे खळगा असलेली. बोटं लांब, दादासारखी. त्याने एकदा एक डोळा उघडला, फक्त उजवा, आणि उजेड आवडला नाही म्हणून मिटला. मी माझं बोट त्याच्या मुठीत दिलं, त्याने ते धरलं. मला काही सुचेना म्हणून मी त्याला आपल्या घराबद्दल सांगत बसले. कोण कोण आहे, कोण कुठे झोपतं. तू पोस्टात असतेस हेही सांगितलं. तो मधे मधे श्वास घ्यायचा थांबायचा, मग परत घ्यायचा. शेवटी थांबला आणि मी वाट बघत राहिले.

तळपायाला बोट लावायचं मला तेव्हा माहीत नव्हतं.

हे मी इन्चार्जला विचारलं. लावलं असतं तर? ती खोटं बोलत नाही, म्हणून तिचंच उत्तर तुला देते. “इथे आमच्याकडे जन्मला असता तर बहुतेक वाचला असता. तिथे, बोट लावून, नाही. फुप्फुसं तयार नव्हती. आणखी काही मिनिटं, बास.” त्या काही मिनिटांचं माझं माझ्यापाशी राहील.

आई आली तेव्हा सगळं संपलं होतं. तिने त्याला घेतलं, कपाळावर ओठ टेकवले आणि मला म्हणाली, “मेलेलाच जन्मला असं सांगायचं. जिवंत होता कळलं तर ती जन्मभर म्हणत राहील, मला का नाही दाखवलात. तिला आधी जगू दे.” दादालाही तिने तेच सांगितलं. आईवर रागावशील तर रागाव, पण तेव्हा ती सारखी तुझ्या दाराकडे वळून बघत होती, हे मी बघितलंय. तू अजून टेबलावर होतीस. ती एकाला गमावून बसली होती आणि दुसरी जाईल म्हणून भ्यायली होती. मी गप्प राहिले, आठ वर्षं. तो दोष आईचा नाही, माझा आहे.

परीक्षेत ज्या प्रश्नाचं उत्तर मी लिहिलं नाही तो होता, वेळेआधी जन्मलेल्या बाळाची काळजी. आणि मी नर्स झाले ती नोकरी पक्की म्हणून नाही. त्या दोरा बांधलेल्या चष्म्यामुळे झाले.

तू कधीच लिहिलं नाहीस तरी मी समजून घेईन.

भिंगरी

१४ ऑक्टोबर

वहिनी,

काल तुझं पत्र आलं. त्याआधी आईचा फोन येऊन गेला होता. म्हणाली, “तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. माझ्याशेजारी येऊन बसली. मग मीच बोलले, सगळं बोलले.” आणि परवा दादाने ड्युटीच्या जागी फोन केला आणि एवढंच विचारलं, “बोटं माझ्यासारखी होती?” मी हो म्हटलं. त्याने फोन ठेवला.

तुझ्या पत्रात एकच ओळ आहे. “त्याचं वजन किती होतं?”

त्याचं वजन कुणी केलं नव्हतं, गं. कुठे नोंदच नाही. 

पण आमच्या इन्चार्जची एक तऱ्हा आहे. नवीन बाळ आलं की काट्यावर ठेवण्याआधी ती हातावर घेते आणि आकडा सांगते. दहा-वीस ग्रॅमच्या पलीकडे चुकत नाही. सुरुवातीला मला वाटायचं ही जादू आहे. चार महिने रोज बाळं उचलली आणि आता मलाही यायला लागलंय. हातांना कळतं. कसं कळतं ते मला सांगता येत नाही.

म्हणून आज मी सकाळपासून वजनाच्या वेळी एकेक बाळ डाव्या हातावर घेतलं, कोपराच्या वळणात डोकं, त्याला घेतलं होतं तसंच. आणि हातालाच विचारलं. राणीसरकार आता चौदाशेची झालीय, ती नव्हे. कोपऱ्यातला मुलगा हजाराच्या आत, तोही नव्हे. मग खिडकीपाशीच्या जुळ्यांतली धाकटी उचलली आणि माझा हात थांबला, वहिनी. आठ वर्षांत तो विसरला नव्हता. मी हलले नाही, तशीच उभी राहिले. इन्चार्जने काही न विचारता काटा जवळ सरकवला.

अकराशे वीस ग्रॅम.

दहा-वीस इकडे तिकडे. पण मला वाटतं तेवढंच. लिहून ठेव.

तुझ्या मुलाची,
आत्या